नवी गिटार आणि घरातला एक शांत दिवस



आषाढी एकादशी झाली की आमच्या झाशीत लग्नांचे मंडप उतरतात. इकडे तिला देवशयनी म्हणतात. देव झोपले की मुहूर्त संपले. मग कार्तिकातल्या देवउठनीपर्यंत बँडवाले, शहनाईवाले, ढोलवाले आणि ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारे माझ्यासारखे लोक बहुतेक वेळ घरीच असतात. नोकरदार माणूस सुट्टीवर असला तरी त्याचा पगार चालू असतो. वादकाच्या सुट्टीला पगार नसतो. त्यामुळे वादकाच्या घरातला शांत दिवस बाहेरून दिसतो तितका आतून शांत नसतो.

आज अशाच एका दिवसाबद्दल लिहितो आहे. त्या दिवशी घरात नवी गिटार होती, बाहेर पाऊस होता आणि मला कुठेही जायचं नव्हतं. तुमच्या घरात कुणी गिटार, तबला, पेटी, बासरी असं काही शिकत असेल, किंवा दिवाळीला मुलासाठी वाद्य घ्यायचा विचार चालू असेल, तर यातलं थोडंफार तुमच्याही उपयोगी पडेल.

आधी घराची ओळख करून देतो. आम्ही झाशीतले मराठी. नेवाळकरांच्या काळात कोकणातून आणि देशावरून जी कुटुंबं इकडे आली, त्यांचे वंशज आजही या शहरात आहेत. 1842 साली राजे गंगाधरराव आणि मनकर्णिका तांबे, म्हणजेच आपली राणी लक्ष्मीबाई, यांचं लग्न ज्या गणेश मंदिरात लागलं, तिथे आजही मराठी कानावर पडतं. घरात आम्ही मराठी बोलतो, रस्त्यावर हिंदी आणि बाजारात थोडी बुंदेली. घरात आई, पत्नी आणि दहावीतली मुलगी. आई ग्वाल्हेरच्या परंपरेतल्या एका गुरुजींकडे गाणं शिकलेली. मी बावीस वर्षं लग्नांत, जागरणांत आणि शाळांच्या वार्षिकोत्सवांत गिटार वाजवतो, आणि संध्याकाळी मुलांना शिकवतो.

जुनी गिटार का गेली

माझी जुनी गिटार मे महिन्यात गेली. एका लॉनवर लग्न होतं. झाशीचा मे म्हणजे पारा 45 अंशांच्या पुढे, आणि रात्री दहा वाजताही लू. कार्यक्रमाच्या मध्यावर गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात ती लाकडी पट्टी, पोटापासून सुटून वर आला.

यामागचं कारण सोपं आहे. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण साधारण 70 किलोच्या आसपास असतो. म्हणजे एक मोठा माणूस चोवीस तास त्या पट्टीला लोंबकळतो आहे असं समजा. हा भार सरस धरून ठेवतो. पण सरसाला उष्णता सोसत नाही, आणि कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं. बरीच वर्षं सेवा केलेली गिटार अशा रात्री हार मानते.

दुरुस्ती झाली, पण आवाज पहिल्यासारखा राहिला नाही. नवी घ्यायची तर पैसे कुठून? घरात इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि मुलीचं दहावीचं वर्ष. मी विषय काढला नाही, पत्नीनेच काढला. म्हणाली, "अहो, बॅटरी दिवाळीनंतर बघू. दुकान चालवायचं तर तराजू लागतोच. पण ती गिटार कोपऱ्यात नुसती बसायला नको."

तिचं बोलणं रास्त होतं. हल्ली निम्म्या लग्नांत डीजे असतो. जिथे ऑर्केस्ट्रा असतो तिथेही बरेचदा गाण्याचा ट्रॅक तयार आणलेला असतो, त्यावर फक्त गायक गातो. चार वादकांच्या जागी एक लॅपटॉप. अशा वेळी घरखर्चातून गिटार घ्यायची, तर ती काय कमावून आणणार हा प्रश्न प्रत्येक घरात निघेल, आणि निघायलाच हवा.

सकाळ: आधी तिला घरात रुळू द्या

गिटार आदल्या रात्री आली. सकाळी मुलीला लगेच खोकं उघडायचं होतं. मी म्हटलं, जरा थांब. लांबून आलेलं लाकडी वाद्य एकदम उघडू नये, कारण ट्रकमधली हवा वेगळी आणि घरातली वेगळी. काही तास खोलीत तसंच ठेवलं की लाकूड खोलीच्या तापमानाला येतं. मी ते रात्रभर ठेवलं होतं, तरी सकाळचा चहा होईपर्यंत हात लावला नाही.

खोकं उघडलं तेव्हा नव्या लाकडाचा आणि पॉलिशचा वास खोलीभर पसरला. आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "काय रे, फर्निचर आलं का?"

मग सूर लावणं. नव्या तारा लहान मुलासारख्या असतात, एका जागी ठरत नाहीत. आत्ता सुरात लावली की पाच मिनिटांत उतरते. त्यात वाद्याचा दोष नसतो. नवी तार ताणली की थोडी लांबते, खुंटीवरचे वेढे घट्ट बसायला वेळ लागतो, आणि आपण सहावी तार लावेपर्यंत वाढलेल्या ताणाने पहिली उतरलेली असते. म्हणून नवी गिटार पहिल्या दिवशी दहा-बारा वेळा लावावी लागते. बरेच नवशिके इथेच घाबरतात आणि दुकानदाराला फोन करतात. फोन करू नका. दोन-तीन दिवस नियमाने सूर लावत राहा, तारा बसतात.

मी एकेक तार छेडत होतो, परत लावत होतो. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. अर्धा तास हेच चाललं होतं. आईच्या हातात निवडायला घेतलेली मेथी होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"अरे, तू धानी वाजवतो आहेस का?"

मी म्हटलं, "नाही गं, नुसत्या तारा लावतोय."

"मग तारांनाच विचार. मला धानी ऐकू येतोय."

मी कागद घेतला. गिटारच्या सहा मोकळ्या तारांची इंग्रजी नावं जगभर ठरलेली आहेत: ई, ए, डी, जी, बी, ई. बावीस वर्षांत हजारो वेळा ती उच्चारली. आता सर्वांत जाड ई तारेला 'सा' मानलं. मग ए झाला मध्यम. डी झाला कोमल निषाद. जी झाला वरच्या सप्तकातला कोमल गंधार. बी झाला पंचम. आणि शेवटची बारीक ई पुन्हा षड्ज. सगळे स्वर एका ओळीत मांडले तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी रागाला लागणारे पाच स्वर नेमके हेच. त्यात एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही.

राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, चलन वेगळं, हे आईने लगेच सांगितलं. ते खरंच आहे. पण जगातली कुठलीही साधी गिटार नेहमीच्या पद्धतीने सुरात लावली की तिच्या मोकळ्या तारांत धानीचे स्वर असतात, ही गोष्ट मला त्या दिवशीपर्यंत कुणी सांगितली नव्हती. मला ती सुचलीही नव्हती, कारण तारा लागल्या की मी लगेच गाणं सुरू करायचो. नुसत्या तारा ऐकत बसायला वेळच नसायचा.

दुपार: फर्माईश नसताना काय वाजवायचं

दुपारी जेवून गिटार पुन्हा मांडीवर घेतली आणि एक विचित्र गोष्ट घडली. काय वाजवावं ते कळेना.

लग्नात वाजवणाऱ्याला हा प्रश्न कधी पडत नाही. वरात आली की वरातीची गाणी, वरमाला झाली की वरमालेची, जेवणं सुरू झाली की जुनी शांत गाणी, आणि मधूनमधून कुणीतरी चिठ्ठी पाठवतो. बावीस वर्षं माझ्या बोटांनी चिठ्ठ्या वाचल्या. त्या दिवशी चिठ्ठी नव्हती, तरी बोटं आपली आपण वरमालेच्या गाण्यावर गेली. मी हात काढून घेतला. पुन्हा ठेवला, तर पुन्हा तेच. शेवटी एकच तार धरली आणि एकच स्वर वाजवला. तो विझेपर्यंत ऐकला, मग पुढचा.

असं केल्यावर नवं वाद्य बोलायला लागतं. कुठल्या पडद्यावर आवाज भरलेला येतो, कुठे तार किंचित घुरघुरते, कुठल्या तारेचा आवाज लवकर मरतो, हे गाण्याच्या गर्दीत कळत नाही. बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचाच स्वर एक सप्तक वर यायला हवा, कारण तो पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथला स्वर नेमका येत नसेल तर तार किंवा ब्रिज तपासायचा. माझ्या गिटारची पाचवी तार तिथे किंचित चढी येत होती. हे गर्दीत, स्पीकरसमोर कळलं असतं तर कार्यक्रमाची पंचाईत झाली असती. घरी कळलं, म्हणून तार बदलून बघता आली.

आईने तंबोऱ्याचं ॲप लावून दिलं. तिचा जुना तंबोरा आता वाजवण्याजोगा नाही, म्हणून ती फोनवर रियाज करते. ती म्हणाली, "आता शुद्ध गंधार वाजव." मी जाड तारेवर चौथ्या पडद्याचा स्वर वाजवला. आईचा चेहरा आंबट झाला. "चढा आहे."

तिचा कान बरोबर होता. तंबोरा नीट लागला की त्यातून आपोआप एक गंधार उमटतो. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. त्यामुळे गिटारचा शुद्ध गंधार त्या स्वयंभू गंधारापेक्षा जरासा चढा पडतो. पेटीचंही तेच. पाश्चात्त्य संगीतात ही तडजोड सोयीची ठरते, कारण कुठल्याही पट्टीतून वाजवता येतं. आपल्या कानाला मात्र ती टोचते, आणि त्यात मींडही हवी असते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं तर पडदे आडवे येतात.

पडद्यांवरून वाट काढणारे

या अडचणीवर आपल्याच देशातल्या काही जणांनी घरी बसून उत्तरं शोधली. त्यातली दोन मला फार आवडतात.

पहिलं जोधपूरचे पंडित ब्रिजभूषण काबरा यांचं. वडील संगीतप्रेमी, स्वतः सतार शिकलेले. भाऊ दामोदरलाल सरोदवादक. अशा घरात या मुलाने गिटार आणली. वडिलांनी मनाई केली नाही, पण अट घातली: या वाद्यावर शास्त्रीय संगीतच वाजवायचं. तेव्हा गिटार म्हणजे फिल्मी गाणी आणि हॉटेलमधलं संगीत, असाच समज होता. काबरांनी अट मानली. गिटार आडवी ठेवून तारेवर धातूची कांडी सरकवण्याची हवाईयन पद्धत त्यांनी घेतली, त्यामुळे पडद्यांचा अडथळाच उरला नाही आणि हवी तशी मींड निघू लागली. उस्ताद अली अकबर खाँ त्यांचे गुरू.

1967 मध्ये 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस, इतकीच तिची कल्पना. सकाळचा अहिर भैरव ते रात्रीची पहाडी. त्या दिवसात मोठं असं काही घडत नाही, तरी ती जगभर ऐकली गेली. घरातल्या मोठ्यांनी लहानांना सोबत घेऊन एकदा जरूर ऐकावी.

दुसरं उत्तर जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट यांचं. त्यांच्या वडिलांकडे सतार शिकायला आलेल्या परदेशी व्यक्तीची गिटार त्यांच्या हाती आली. त्यांनी तिच्यात बदल करत करत तारा वाढवल्या. वाजवायच्या तारा, सुरासाठीच्या तारा आणि आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तारा मिळून वीस झाल्या. नाव पडलं मोहन वीणा. अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासोबतच्या त्यांच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या अल्बमला 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं.

आमच्या आजोबांना गिटार परकी वाटायची. "हे आपलं वाद्य नाही," असं ते शेवटपर्यंत म्हणत. त्यांना मी तेव्हा काही बोलू शकलो नाही. पण झाशीहून शंभरेक किलोमीटरवर ग्वाल्हेर आहे, आणि तिथे उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरात आज 'सरोद घर' हे संग्रहालय आहे. सरोदचं मूळ अफगाण रबाबात आहे. त्याचे पडदे गेले, लाकडी पट्टीवर धातूचा पत्रा आला, आतड्याच्या तारांऐवजी धातूच्या तारा आल्या, आणि आज सरोदला कुणी परकं म्हणत नाही. पेटी तर युरोपातून आली. 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीने तिला बाहेर ठेवलं होतं, आणि तिच्याशिवाय आपलं नाट्यसंगीत आणि भजन आज कल्पनेतही येत नाही. वाद्य कुठून आलं यापेक्षा ते इथल्या घरांत किती काळ वाजलं, यावर ते कुणाचं हे ठरतं.

रीलचा प्रश्न

चारच्या सुमारास मुलगी क्लासहून आली. तिच्या हातात फोन होता. "बाबा, उजेड छान आहे. एक रील करूया? नवी गिटार, बाहेर पाऊस, मस्त दिसेल."

मी म्हटलं, "आज नको."

"पण का? सगळे टाकतात."

पत्नीने तिची बाजू घेतली, आणि तिचा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता. "अहो, लोकांना कळणार कसं? मागचं जागरणाचं काम फोनवरचा व्हिडिओ बघूनच आलं होतं ना?"

आलं होतं. आजच्या काळात वादकाने स्वतःला दाखवायचंच नाही असं मी म्हणणार नाही, तसं म्हणून घर चालत नाही. पण कॅमेरा समोर आला की माणूस त्याला जमतं तेच वाजवतो. जमत नाही ते वाजवत नाही. आणि नव्या वाद्यावर पहिल्या दिवशी बरंचसं जमतच नाही, ते शोधायचं असतं. मी मुलीला तेवढंच सांगितलं. म्हटलं, रविवारी करू, तू म्हणशील तसं. आज ही फक्त घरातली.

ती जरा हिरमुसली. मग फोन ठेवून शेजारी बसली. मी विचारलं, "तारा दाबू नकोस, नुसत्या वाजवतेस का? आजी सांगेल तशा."

आजीने सांगितलं, तिने वाजवलं. सा. म. नि. ग. प. सा. आजी गात होती, ती तार छेडत होती. पाच मिनिटांत तिला सहाही तारांचे स्वर गाऊन दाखवता आले. आजवर मी तिला दोनदा गिटार शिकवायला घेतलं होतं. दोन्ही वेळा बोटं दुखतात म्हणून तिने आठवड्यात सोडलं होतं.

मला शिकवण्याची नवी वाट तिथे सापडली. आम्ही सगळे शिक्षक पहिल्या दिवशी मुलाला कॉर्ड शिकवतो. तीन बोटं एकदम तीन तारांवर दाबायची. बोटं दुखतात, आवाज घुसमटतो, मूल खट्टू होतं. त्याऐवजी पहिला आठवडा एकही तार न दाबता, नुसत्या मोकळ्या तारा वाजवत गायला शिकवलं तर? स्वर कानात बसतो, उजव्या हाताला वळण लागतं आणि बोट दुखत नाही. त्याच आठवड्यापासून माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना मी असंच शिकवायला सुरुवात केली. चौघांपैकी चौघंही अजून येत आहेत. पत्नीने वहीत त्यांची फी लिहिताना माझ्याकडे एकदा बघितलं, बोलली काही नाही.

तो दिवस लग्नाचा असता तर सकाळपासून साऊंडवाल्याचे फोन असते, गाण्यांची यादी असती. मोकळ्या तारा ऐकायला आणि आईला दारात उभं राहायला कुणाला वेळ होता? कमाई नसलेल्या दिवसाने कमाईची एक वाट दाखवली, हे मी आता घरात हिशेबासकट सांगू शकतो.

तुमच्या घरी गिटार येणार असेल तर

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

मुलाच्या वयाला साजेसा आकार घ्या. साधारण सात ते नऊ वर्षांच्या मुलाला अर्धी, त्यापुढे दोनेक वर्षं पाऊण आणि नंतर पूर्ण आकाराची. "मोठा झाला की उपयोगी पडेल" म्हणून मोठी गिटार घेतली तर हात पोचत नाही आणि मन उडतं.

लहान मुलाला किंवा पन्नाशीनंतर शिकणाऱ्याला नायलॉनच्या तारांची गिटार बरी. तिचा ताण स्टीलपेक्षा बराच कमी असतो, बोटाला ती मऊ लागते.

दुकानात तारा आणि पट्टी यांतलं अंतर बघून घ्या. त्याला ॲक्शन म्हणतात. तारा फार वर असतील तर दाबायला जोर लागतो. हे अंतर जाणकाराकडून कमी करून घेता येतं.

बोटं दुखणारच. रोज पंधरा मिनिटं वाजवलं तर काही आठवड्यांत बोटांची टोकं घट्ट होतात. रविवारी दोन तास आणि बाकी दिवस सुट्टी, असं केलं तर दर रविवारी नव्याने दुखतं.

हवेची काळजी घ्या. लाकडाला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आमच्यासारख्या गावात मे महिन्यात हवा फार कोरडी आणि श्रावणात फार ओली. पावसाळ्यात गिटार कव्हरमध्ये ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात, उन्हाच्या भिंतीवर किंवा बंद गाडीत ठेवू नका.

सूर लावल्याशिवाय वाजवू नका. फोनवरचं साधं ट्यूनर ॲप पुरतं. बेसूर वाद्यावर रोज सराव केला की कानही बेसूर होतो.

आणि शेवटची गोष्ट, घरातल्या मोठ्यांसाठी. नवं वाद्य घेतलेल्या मुलाला पाहुण्यांसमोर उभं करून "एक गाणं वाजवून दाखव" असं पहिले दोन-तीन महिने म्हणू नका. मावशी असो, मामा असो, आजोबा असोत. मुलं वाद्य सोडतात ती अनेकदा अशाच एखाद्या संध्याकाळनंतर. गाणं नीट येत नाही, कुणीतरी हसतं, आणि गिटार माळ्यावर जाते. त्यापेक्षा तुम्हीच त्याच्याशेजारी बसा. तो तार वाजवेल, तुम्ही तो स्वर गा. तुम्हाला गाता येत नसलं तरी चालेल, गुणगुणा. चुकलात तर त्याला सुधारू द्या.

एखादा रविवार यासाठी बाजूला काढून बघा. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, चहाचं पातेलं गॅसवर, आणि घरात जे वाद्य असेल ते, गिटार असो की धूळ खात पडलेली आजोबांची पेटी, बाहेर काढून पुसून घ्या. आधी सूर लावा आणि थोडा वेळ नुसते ऐका. गाणं नंतर येईल.

भेटूया पुढच्या वेळी.